चेंडू लहान होत गेला

१९८७ साली अमेरिकेत बार्बरा ग्रेगोरिच या लेखिकेची ‘शीज ऑन फर्स्ट’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत पुरुषांच्या संघातून एक स्त्री खेळते, अशी तिची मध्यवर्ती कल्पना. सहा वर्षांनी, १९९३ साली, याच लेखिकेने ‘विमेन अ‍ॅट प्ले’ हे पुस्तक लिहिले. ती मात्र कादंबरी नव्हती. खरोखरीच बेसबॉल खेळलेल्या स्त्रियांचा तो इतिहास होता. कादंबरीचा उत्तरार्ध म्हणून लेखक सहसा दुसरी कादंबरी लिहितात. येथे कल्पनेच्या पाठोपाठ इतिहास आला. या क्रमात विषयाची गंमतही आहे आणि खंतही. जे कल्पित म्हणून वाचकांपुढे ठेवले गेले, त्याच्या आसपासचे पुष्कळसे आधीच घडून गेले होते, आणि बहुतेकांच्या स्मरणातून ते पुसले गेले होते.

आपण क्रिकेट जाणणारी माणसे. तेव्हा पुढे जाण्यापूर्वी बेसबॉलविषयी दोन शब्द सांगितलेले बरे. या खेळात यष्टी नसतात. फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि तो चेंडू जमिनीवर टप्पा न पाडता थेट फलंदाजाकडे टाकतो. फलंदाजाने तो टोलवून एकामागून एक चार बेस गाठावयाचे; चौथा बेस म्हणजे जेथून निघाला तेच घर, आणि तेथे पोहोचले की एक धाव. पिचर फेकण्याच्या तयारीत असताना धावपटूने पुढचा बेस गाठला तर त्याला ‘बेस चोरणे’ म्हणतात. ही चोरी नियमाने संमत असून तिचा हिशोब मोठ्या अभिमानाने ठेवला जातो. सॉफ्टबॉल हा याच खेळाचा धाकटा भाऊ. त्याचा चेंडू मोठा, मैदान लहान, आणि चेंडू खालून, कमरेच्या पातळीवरून फेकावयाचा. मोठा चेंडू आणि लहान चेंडू, खालून फेकणे आणि वरून फेकणे, हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढची सारी कथा त्यावर उभी आहे.

स्त्रियांचा या खेळाशी संबंध फार जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातील व्हॅसर या महिला महाविद्यालयात १८६६ सालीच विद्यार्थिनींचे बेसबॉल संघ होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ‘ब्लूमर गर्ल्स’ या नावाने ओळखले जाणारे स्त्रियांचे संघ गावोगाव फिरत आणि स्थानिक पुरुषांच्या संघांशी पैज लावून खेळत. २ एप्रिल १९३१ रोजी टेनेसी राज्यातील चॅटानुगा येथे जॅकी मिचेल या सतरा वर्षांच्या मुलीने एका प्रदर्शनीय सामन्यात बेब रूथ आणि लू गेरिग या दोघांना लागोपाठ बाद केले. हे दोघे म्हणजे त्या काळचे ब्रॅडमनच समजा. तो सारा प्रकार प्रसिद्धीसाठी रचलेला होता की ते बाद होणे खरे होते, यावर तेथील जाणकार अजूनही वाद घालतात. मला त्या वादापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ती मुलगी हरली असती तर कोणीही वाद घातला नसता.

आता दुसऱ्या महायुद्धाकडे येऊ. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तरुण खेळाडू सैन्यात भरती होऊ लागले. बेसबॉल बंद करावा की काय, असा प्रश्न उभा राहिला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १५ जानेवारी १९४२ रोजी बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांना पत्र लिहून खेळ चालू ठेवणे देशाच्या हिताचे आहे, असे मत कळविले. लोक अधिक तास राबणार आहेत, तेव्हा त्यांना विरंगुळाही हवा, असा त्यांचा विचार होता. परंतु पत्राने खेळाडू थोडेच मिळतात! सर्वोच्च स्पर्धेतील पाचशेहून अधिक खेळाडू युद्धकाळात सेनादलांत गेले, आणि लहान शहरांतील दुय्यम संघ तर पटापट मिटले.

शिकागो कब्स या संघाचे मालक फिलिप रिग्ली हे च्युइंग गमच्या प्रसिद्ध कारखान्याचे वारस. मैदाने ओस पडली तर काय करावे, या काळजीतून त्यांनी १९४३ च्या वसंतात मुलींची एक व्यावसायिक लीग स्थापन केली. आज ती ‘ऑल-अमेरिकन गर्ल्स प्रोफेशनल बेसबॉल लीग’ या नावाने ओळखली जाते. पण हे नाव मागाहून रूढ झाले. प्रारंभी ती नावानेही सॉफ्टबॉलचीच लीग होती, आणि बारा वर्षांत तिने आपले नाव वारंवार बदलले. संस्थेला आपण नेमके काय आहोत हे ठरविता येत नसले की असे होते.

मे १९४३ मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर अंतिम निवड चाचणी झाली. अमेरिका आणि कॅनडातून निवडून आलेल्या सुमारे २८० मुली तेथे आल्या. त्यांतून साठ जणींना घेतले गेले आणि पंधरा-पंधरांचे चार संघ झाले. रॉकफर्ड पीचेस, साउथ बेंड ब्लू सॉक्स, रसीन बेल्स आणि केनोशा कॉमेट्स. ही चारही गावे शिकागोच्या आसपासची, युद्धसाहित्याच्या कारखान्यांनी गजबजलेली. आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर पगार ठरला. आपल्या वडिलांना मिळत नव्हते इतके पैसे आपण खेळून मिळवीत होतो, असे यांपैकी अनेकींनी पुढे म्हातारपणी सांगितले आहे. डॉरथी श्रोडर त्या वर्षी पंधरा वर्षांची होती. लीगच्या बाराही हंगामांत खेळलेली ती एकटीच.

रिग्लींना खेळ हवा होता. पण खेळणाऱ्या मुली ‘मुलींसारख्या’ दिसाव्यात, हीही त्यांची अट होती. म्हणून गणवेश ठरला तो गुडघ्याच्या वर संपणारा एकसंध झगा. हेलेना रुबिनस्टाइन या सौंदर्यप्रसाधनांच्या प्रसिद्ध संस्थेकडून मुलींना चालणे, बसणे, बोलणे यांचे धडे देण्यात आले. दिवसा मैदानावर सराव आणि संध्याकाळी शिष्टाचाराचा वर्ग! केस आखूड कापावयाचे नाहीत, चारचौघांत विजार घालावयाची नाही, ओठांना लाली लावलेली असावी, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान वा मद्यपान करावयाचे नाही, आणि प्रत्येक संघासोबत देखरेखीला एक प्रौढ बाई. मुलींना भेटावयास कोण येते, त्या रात्री केव्हा परततात, हे सारे त्या बाईंच्या नजरेखाली. आपल्याकडील जुन्या कॉन्व्हेंट होस्टेलांत राहिलेल्या भगिनींना ही नियमावली वाचून घरच्यासारखे वाटेल.

या झग्याची किंमत मात्र मांड्यांनी मोजली. बेस गाठताना खेळाडूला जमिनीवर झोकून देऊन घसरत जावे लागते. पुरुषांच्या पायांना विजारीचे संरक्षण असते. या मुलींचे पाय उघडे. कातडी सोलवटून जात असे, आणि त्या लालभडक जखमांना त्या थट्टेने ‘स्ट्रॉबेरी’ म्हणत. रसीन बेल्सच्या सोफी क्युरिसने १९४६ च्या हंगामात २०३ वेळा बेस चोरण्याचा प्रयत्न केला आणि २०१ वेळा ती यशस्वी झाली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असावी असे वाटले. ती चूक नव्हे. दोनशे वेळा चोरी म्हणजे कितीदा त्याच जखमेवर पुन्हा घसरणे, याचा हिशोब वाचकांनी करावा. त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेतील निर्णायक सामना चौदा डावांपर्यंत बरोबरीत चालला. शेवटी क्युरिस बेस चोरून पुढे सरकली आणि बेटी ट्रेझाच्या टोल्यावर घरापर्यंत घसरत आली. रसीनने तो सामना १-० असा जिंकला. साऱ्या सामन्यातील ती एकच धाव.

आता त्या चेंडूविषयी. १९४३ साली या मुली खेळत तो चेंडू सॉफ्टबॉलचा होता, बारा इंच परिघाचा. पिचर ४० फुटांवरून, खालून फेकत असे, आणि दोन बेसांतील अंतर ६५ फूट होते. पुरुषांच्या खेळात तेच अंतर ९० फूट, फेकण्याचे अंतर ६० फूट ६ इंच आणि चेंडूचा परीघ ९ ते ९¼ इंच. १९४६ मध्ये मुलींचा चेंडू अकरा इंचांचा झाला आणि बाजूने फेकण्यास परवानगी मिळाली. १९४८ मध्ये खांद्यावरून फेकणे आले. १९४९ मध्ये चेंडू दहा इंचांवर उतरला. आणि १९५४ साली, शेवटच्या हंगामात, पुरुष खेळतात तोच चेंडू त्यांच्या हाती आला. फेकण्याचे अंतर ६० फूट आणि बेसांमधील अंतर ८५ फूट झाले.

एका खेळातून दुसरा खेळ असा बारा वर्षांत, खेळता खेळता, घडविला गेल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. प्रत्येक फेरबदलाबरोबर खेळाडूंना आपली कला नव्याने शिकावी लागे. खालून फेकण्यात पटाईत असलेल्या कित्येक पिचर १९४८ च्या बदलानंतर मागे पडल्या. काही जणी दुसऱ्या जागी खेळू लागल्या. उलट साउथ बेंडच्या जीन फाउटसारखी खेळाडू वरून फेकण्यातच फुलली. समोरच्या संघातील एकही खेळाडू बेसवर पोहोचू न देता संपूर्ण सामना संपविणे याला तेथे ‘परफेक्ट गेम’ म्हणतात. पुरुषांतही ते अतिदुर्मीळ आहे. फाउटने ते दोनदा केले, १९५१ मध्ये आणि १९५३ मध्ये.

१९४४ च्या अखेरीस रिग्ली यातून बाहेर पडले. पुरुष परत येणार हे दिसू लागले होते आणि त्यांचा रस आटला होता. त्यांचे जाहिरातीचे काम पाहणारे आर्थर मायरहॉफ यांनी लीग हाती घेतली, आणि युद्ध संपल्यावर ती मिटण्याऐवजी वाढली. १९४७ मध्ये सर्व संघांचे हंगामपूर्व सराव-शिबिर क्युबाच्या हवाना शहरात भरले. ब्रुकलिन डॉजर्स हा पुरुषांचा नामांकित संघही त्याच वसंतात हवानात सराव करीत होता. क्युबाच्या काही मुलीही पुढे लीगमध्ये आल्या. १९४८ मध्ये संघांची संख्या दहा झाली आणि त्या एका हंगामात नऊ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तिकीट काढून हे सामने पाहिले. स्त्रियांना युद्धापुरते मैदान दिले आणि पुरुष परतताच काढून घेतले, असे जे सरसकट सांगितले जाते, ते म्हणूनच पुरते खरे नाही. लीगची भरभराट शांततेच्या काळात झाली.

मग ती का बुडाली? कारणे अनेक. १९५० च्या हंगामानंतर मायरहॉफ गेले आणि संघ आपापल्या गावच्या मालकांच्या हाती आले. प्रत्येकाने प्रथम कात्री लावली ती प्रसिद्धीच्या खर्चाला. दूरचित्रवाणी आली आणि पुरुषांचे मोठे सामने घरबसल्या दिसू लागले. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ते कारण चेंडूचेच आहे. अमेरिकेतील मुली शाळांतून आणि कारखान्यांच्या संघांतून सॉफ्टबॉल शिकत. १९४३ मध्ये तेथून थेट लीगमध्ये येता येई. लीगचा चेंडू जसजसा लहान होत गेला, तसतशी या दोन्हींतील दरी वाढत गेली. खेळ अस्सल होत गेला आणि तो खेळू शकणाऱ्या नव्या मुली मिळेनाशा झाल्या, कारण मुलींना बेसबॉल शिकविणारी शाळा कोठेच नव्हती. १९५४ मध्ये पाचच संघ उरले. त्या वर्षी कलामझू लॅसीज विजेत्या ठरल्या आणि लीग बंद पडली. बारा वर्षांत सहाशेहून अधिक स्त्रिया तीत खेळल्या होत्या.

त्याच सुमारास इतर दारेही एकामागून एक बंद होत होती. मुलांच्या ‘लिटल लीग’ने १९५१ मध्ये मुलींना मज्जाव करणारा नियम केला. एलिनॉर एंगल या तरुणीला हॅरिसबर्गच्या पुरुष संघाने करारबद्ध करताच, जून १९५२ मध्ये दुय्यम स्पर्धांचे प्रमुख जॉर्ज ट्रॉटमन यांनी स्त्रियांशी करार करण्यावरच बंदी घातली. ती मुलगी एकाही सामन्यात मैदानात उतरली नाही. लिटल लीगचे दार उघडावयाला १९७४ साल उजाडले, तेही न्यू जर्सीतील होबोकन येथील मारिया पेपे या मुलीच्या प्रकरणात न्यायालयीन निर्णय झाल्यानंतर. आणि ते उघडताना संस्थेने मुलींसाठी सॉफ्टबॉलचा स्वतंत्र विभागही काढला. आत या, पण शक्यतो पलीकडच्या खोलीत बसा, असाच त्याचा अर्थ.

लीगमधील खेळाडू संसाराला, नोकरीला लागल्या. रॉकफर्डच्या पहिल्या बेसवर खेळणारी डॉरथी कॅमेनशेक हिला पुरुषांच्या एका दुय्यम संघाने बोलावले होते. आपल्याला केवळ जाहिरातीसाठी वापरतील, या शंकेने तिने नकार दिला. पुढे तिने मिलवॉकीच्या मार्केट या जेझुइट विद्यापीठात भौतिकोपचाराचे शिक्षण घेतले आणि अपंग मुलांसाठी काम केले. बहुतेकींनी आपण एकेकाळी काय केले याविषयी फारसे कोणाला सांगितले नाही. सांगितले तर ऐकणारे सॉफ्टबॉल असेल म्हणून सोडून देत. १९८० च्या सुमारास काही जुन्या मैत्रिणींनी एक वार्तापत्र सुरू केले आणि १९८२ मध्ये शिकागोला त्यांचा पहिला मोठा मेळावा झाला. व्हँकुव्हरची हेलन कॅलाहन १९४५ मध्ये लीगची फलंदाजीतील अव्वल खेळाडू होती. तिचा एक मुलगा केसी सर्वोच्च स्पर्धेत खेळला. दुसरा मुलगा केली कँडेल याने सहकारी किम विल्सन हिच्यासह १९८७ मध्ये या स्त्रियांवर एक माहितीपट केला. नोव्हेंबर १९८८ मध्ये कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या संग्रहालयात स्त्रियांविषयीचे दालन उघडले. आणि १९९२ मध्ये पेनी मार्शल यांचा ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा चित्रपट आला. नाव माहितीपटाचेच. हेलन कॅलाहन त्याच वर्षी निवर्तली.

चित्रपट उत्तम आहे, हे मी आधीच मान्य करतो. त्याने जे काम एका उन्हाळ्यात केले ते इतिहासकारांच्या दहा ग्रंथांनी झाले नसते. पण कथा सांगताना त्याने काय काय बदलले, हे पाहण्यासारखे आहे. रिग्लींच्या जागी चॉकलेटचा कारखानदार आला, हे किरकोळ. १९४३ ची अंतिम लढत रसीन आणि केनोशा यांच्यात झाली. चित्रपटात ती रॉकफर्ड आणि रसीन यांच्यात होते, हेही चालेल. परंतु चित्रपटातील मुली पहिल्याच वर्षी लहान चेंडूने, खांद्यावरून फेकीत खेळतात. म्हणजे बारा वर्षांची ती सारी धडपड, एकेक इंच कमी होत जाणारा तो चेंडू, एका फटक्यात नाहीसा झाला. आणि नायिकेचा नवरा युद्धाहून परततो, तेव्हा ती खेळ सोडून घरी जाते. पाहणाऱ्याच्या मनावर ठसा राहतो तो असा की स्त्रियांनी युद्धापुरते खेळून आनंदाने मैदान सोडले. १९४८ च्या नऊ लाख प्रेक्षकांना त्या कथेत जागा नाही.

आणखी एक दृश्य आहे, काही क्षणांचेच. सराव चालू असताना चेंडू कुंपणाकडे जातो. तेथे उभी असलेली एक कृष्णवर्णीय स्त्री तो उचलते आणि असा जोरात परत फेकते की झेलणारीचा हात झिणझिणतो. ती नुसती मान हलवते आणि निघून जाते. चित्रपट पुढे सरकतो. या लीगमध्ये बारा वर्षांत एकही कृष्णवर्णीय स्त्री खेळली नाही, हे वास्तव चित्रपटाने अशा रीतीने सांगितले आणि सोडून दिले. लीगच्या विश्वस्तांत ब्रँच रिकी होते. त्याच रिकींनी पुढे १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांना करारबद्ध केले आणि १९४७ मध्ये पुरुषांच्या बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडली. भिंत पडल्यावरही मुलींच्या लीगचे दार लागलेलेच राहिले. १९५१ मध्ये चालकांच्या बैठकीत हा विषय निघाला आणि कल विरोधातच राहिला.

म्हणून ज्या स्त्रीची कथा मला या साऱ्यांत अधिक मोलाची वाटते, ती त्या लीगमधील नाही. तिचे पाळण्यातले नाव मार्सेनिया लाइल स्टोन. जग तिला टोनी स्टोन म्हणून ओळखते. जन्म १९२१ चा, पश्चिम व्हर्जिनियातील. कुटुंब मिनेसोटातील सेंट पॉल शहरात आले आणि तेथील संत पीटर क्लेव्हर यांच्या नावाच्या कॅथलिक धर्मग्रामाशी जोडले गेले. कार्ताहेनाच्या बंदरात उतरविल्या जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांची आयुष्यभर सेवा करणाऱ्या या जेझुइट संताचे नाव शहरातील कृष्णवर्णीय कॅथलिकांच्या चर्चला दिलेले होते. मुलीला बेसबॉलचे वेड; आईवडिलांना त्याची चिंता. आईने तिला बर्फावर घसरण्याचे बूट आणून दिले, निदान तो खेळ मुलींना शोभेल म्हणून. मुलीने त्यात बक्षीस मिळविले आणि बूट बाजूला ठेवले. तेव्हा आईवडिलांनी, आपल्याकडचे पालक करतात तेच केले: ते फादरांकडे गेले. फादर चार्ल्स कीफ यांनी मुलीला समजावून खेळापासून परावृत्त करावे, अशी त्यांची विनंती होती. फादरांनी मुलीला बोलावले, तिचे ऐकून घेतले, आणि धर्मग्रामाच्या मुलांच्या संघात तिला खेळावयास घेतले.

फादर कीफ यांनी काही मोठी क्रांती करावयाची म्हणून हे केले असेल, असे मला वाटत नाही. कॅथलिक मुलांच्या स्पर्धेत इतर धर्मग्रामांचे संघ होते आणि यांनाही जिंकावेसे वाटले असेल. संघाला एक चांगला खेळाडू मिळाला, मुलीला खेळ मिळाला, आणि आईवडिलांची लाजही राहिली, कारण आता ती रस्त्यावर नव्हे, चर्चच्या संघातून खेळत होती. एखाद्या तक्रारीचा निवाडा यापेक्षा शहाणपणाने क्वचितच होतो. माझ्याकडे असे पालक आले असते तर मी काय केले असते, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवीत नाही. तो माझा मला पुरतो.

पुढे त्याच शहरात गॅबी स्ट्रीट हे नावाजलेले प्रशिक्षक मुलांचे बेसबॉल शिबिर घेत. ही पोरगी रोज जाऊन त्यांच्यामागे लागे. कंटाळून त्यांनी तिला खेळू दिले आणि तिचा खेळ पाहून तिला स्वखर्चाने बूट घेऊन दिले. मोठी झाल्यावर ती सॅन फ्रान्सिस्कोला गेली, तेथून न्यू ऑर्लिन्सच्या संघात, आणि १९५३ मध्ये कृष्णवर्णीयांच्या ‘नीग्रो लीग’मधील इंडियानापोलिस क्लाउन्स या संघात दुसऱ्या बेसवर. आदल्या वर्षी याच संघातून हँक एरन हा मुलगा बाहेर पडला होता. तो पुढे बेब रूथचा होमरनचा विक्रम मोडणार होता. मालक सिड पोलॉक यांनी टोनीला सुचविले की गोऱ्या मुलींप्रमाणे तिनेही झगा घालून खेळावे. तिने साफ नाकारले. पुरुषांचा गणवेश घालूनच ती खेळली. कपडे बदलावयाला मात्र तिला पंचांच्या खोलीत जावे लागे, आणि अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूंच्या बुटांच्या खिळ्यांचे व्रण तिने पुढे आयुष्यभर बाळगले.

त्याच संघात १९५३ मध्ये मेमी जॉन्सन आली, आणि १९५४ मध्ये कॉनी मॉर्गन. मेमी पिचर होती, उंचीने ठेंगणी. तिला ‘पीनट’ म्हणजे शेंगदाणा म्हणत. नीग्रो लीगमध्ये येण्यापूर्वी ती एका मैत्रिणीसह व्हर्जिनियातील अलेक्झांड्रिया येथे गोऱ्या मुलींच्या लीगच्या निवड चाचणीला गेली होती. त्यांना मैदानात पाऊलही टाकू दिले नाही. त्या नकाराचे वाईट वाटले नाही, उलट बरेच झाले, असे ती पुढे सांगत असे. तेथे ती अनेकींपैकी एक झाली असती, येथे तिने पुरुषांना बाद केले. हे बोलणे खरे मानावे, पण त्यावर नकार देणाऱ्यांनी समाधान मानू नये.

टोनी स्टोन १९५४ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्समध्ये गेली आणि त्या हंगामानंतर तिने खेळ सोडला. ती १९९६ मध्ये वारली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जुन्या नीग्रो लीगच्या १९२० ते १९४८ या काळातील नोंदींना अधिकृत मान्यता दिली. या तिघी १९५३ पासून पुढे खेळल्या. तेव्हा त्या मान्यतेच्या बाहेरच राहिल्या.

चित्रपटाचे पुढे दोनदा पुनर्लेखन झाले. १९९३ मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिका निघाली आणि थोड्या भागांतच बंद पडली. २०२२ मध्ये त्याच नावाची नवी मालिका आली. तिने कुंपणापाशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीलाच कथेच्या मध्यभागी आणले: निवड चाचणीतून परत पाठविलेली एक कृष्णवर्णीय पिचर स्वतःचा मार्ग शोधते. काही खेळाडूंच्या परस्पर प्रेमसंबंधांविषयी चित्रपटाने मौन पाळले होते. मालिकेने ते उघड मांडले. लीगमध्ये खेळलेल्या मेबेल ब्लेअर यांनी वयाच्या ९५ व्या वर्षी, त्याच वर्षी, स्वतःविषयी प्रथमच जाहीरपणे सांगितले. मालिकेवर उलटसुलट मते झाली आणि एका हंगामानंतर तीही थांबली. काही ठिकाणी ती १९४३ च्या मुलींच्या तोंडी २०२२ ची भाषा घालते, असे मला वाटते. पण कुंपणापाशी कोण उभे होते हे जाणून घेण्याचा तिचा हट्ट चुकीचा म्हणता येणार नाही.

मैदानावरही थोडे थोडे घडत राहिले. इला बॉर्डर्स ही पिचर १९९७ मध्ये सेंट पॉल सेंट्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघातून खेळली. फादर कीफ यांच्याच शहरात. नोव्हेंबर २०२० मध्ये किम अंग या मायामी मार्लिन्सच्या महाव्यवस्थापक झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये जेन पावोल यांनी सर्वोच्च स्पर्धेच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहणारी पहिली स्त्री म्हणून काम केले. आणि २०२४ मध्ये स्त्रियांच्या नव्या व्यावसायिक बेसबॉल लीगची घोषणा झाली.

तिची निवड चाचणी ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनला झाली. आलेल्या शेकडो मुलींत मोने डेव्हिस होती. फिलाडेल्फियाची ही कृष्णवर्णीय मुलगी २०१४ मध्ये, तेरा वर्षांची असताना, लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत मुलांविरुद्ध एकही धाव न देता सामना जिंकून देशभर गाजली होती. चाचणीचा अखेरचा दिवस नॅशनल्स पार्कवर होता. त्या मैदानापासून मेमी जॉन्सनला परत पाठविणारे अलेक्झांड्रिया फार दूर नाही. मध्ये पोटोमॅक नदी आहे, आणि तिच्यावर पूल आहेत. मेमी डिसेंबर २०१७ मध्ये वारली. मोनेची निवड झाली.